बर्फावर अहो-जाहो नाही

नणंद-भावजय एका दोरीला बांधल्या तर आधी काय तुटेल? दोरी, असं शेजाऱ्यांचं मत. डोकं, असं दादाचं. आणि दादाला बोलायचा अधिकार होता, कारण त्यातली एक त्याची धाकटी बहीण होती आणि दुसरी बायको. डोकं फुटलंच तर ते आपलंच, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आता बहिणीचं ऐका. तिला घरीदारी सगळे ताई म्हणत. ती लिफ्ट दुरुस्त करायची. दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या पोटात शिरायचं, ग्रीसनं बरबटलेल्या तारांशी झगडायचं, आणि आत अडकलेल्या माणसांना दाराच्या फटीतून ओरडून सांगायचं, की अहो बटणं दाबू नका, बटणं दाबून लिफ्ट सुटत असती तर मला कशाला बोलावलं असतं! हाताला तिच्यासारखी कारागीर शोधून सापडली नसती. जिभेला मात्र लगाम म्हणून नाही. राग नाकावर असतो म्हणतात. हिचा नाकाच्याही दोन बोटं पुढे असायचा.

गावाच्या डोक्यावर डोंगर होता. हिवाळ्यात तिथे माणसं अडकत, वाट चुकत, बर्फाखाली जात, आणि त्यांना काढून आणणारं एक पथक होतं. ताईला त्या पथकात जायचं होतं. अगदी शाळेत असल्यापासून. दुसरं काही म्हणजे काही नको होतं तिला. लग्नाचं कुणी काढलं तर ती हसण्यावारी न्यायची. पथकाचं काढलं की गप्प व्हायची, आणि ताई गप्प होणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

पथकात जागा क्वचित निघायची. निघाली की पथक डोंगरावर स्पर्धा लावायचं. जोडीनं उतरायचं, स्लेजवर, म्हणजे बर्फावर घसरणाऱ्या गाडीवर, माणसाएवढं वाळूचं पोतं बांधून ओढायचं, बर्फाच्या भिंतीवर चढायचं, पुरलेली पिशवी हुडकायची, ओल्या लाकडांचा जाळ करायचा. आणि जी जोडी जिंकेल ती फोडायची! शेवटच्या दिवशी त्या दोघांचीच एकमेकांशी शर्यत. जिंकेल त्याची जागा. पथकाचा प्रमुख होता एक थोराड, अबोल माणूस. पाठीमागे त्याला सगळे दाढी म्हणत, आणि हळूहळू समोरही म्हणायला लागले होते. तो म्हणायचा, "जोडीदाराशिवाय डोंगरावर जायचं नाही. आणि जोडीदार पडला तर एकट्यानं त्याला आणायचं. दोन्ही जमलं पाहिजे."

ताईचं घोडं अडायचं ते पहिल्याच अटीत. तिच्यापाशी जोडीदार टिकेल तर शपथ. एक अग्निशमन दलातला होता, तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही. एक मैत्रीण होती, तिनं अर्ध्या चढावर दोर सोडला आणि म्हणाली, "तू आणि तुझा डोंगर, नांदा सुखानं." चाळिशीपुढे पथकात घेत नसत, आणि पुढचा हिवाळा येईपर्यंत ताईची चाळिशी उलटणार होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

वर्षभर आधी, जागा निघणार अशी कुणकुण लागली तेव्हाची गोष्ट. ताई स्वयंपाकघरात उभी राहून सगळ्या जगाला शिव्या घालत होती, आणि वहिनी कपबश्या पुसत होती. वहिनी इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला. तिथे वाफेनं समोरचं माणूस दिसत नाही, आणि ओल्या चादरींनी भरलेली ट्रॉली उतारावरून वर चढवताना दोन गडी धापा टाकतात. वहिनी एकटी चढवायची. पण घरात? हूं की चूं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता.

तिनं शेवटची बशी फळीवर ठेवली आणि विचारलं, "ताई, मी येऊ का?"

ताईला हसूच फुटलं. "तुम्ही? वहिनी, अहो तिथे पडायचं असतं, झडायचं असतं."

"पडेन की," वहिनी म्हणाली.

पडली. पहिल्याच दिवशी दोघी पडल्या. उतारावर स्लेज पुढे पळते. एकीनं तिच्यापुढे राहून वाट दाखवायची, दुसरीनं मागून दोर धरायचा आणि वेळ आली की बर्फात टाचा रोवून धप्पकन बसायचं, म्हणजे गाडी थांबते. वहिनीला पुढे खड्डा दिसला. ती अदबीनं म्हणाली, "ताई, जरा बसता का हो?" हे वाक्य संपेपर्यंत स्लेज, पोतं, नणंद आणि भावजय, सगळा संसार खड्ड्यात. ताईच्या तोंडात बर्फ गेला होता म्हणून, नाहीतर त्या दिवशी डोंगरानं काय काय ऐकलं असतं!

तोंड रिकामं झाल्यावर ताईनं कायदा केला. "बर्फावर अहो-जाहो नाही. इथे तुम्ही नाही, वहिनी नाही, ताई नाही. बस म्हटलं की बसायचं. ऊठ म्हटलं की उठायचं. का, कशाला, विचारायचं नाही. बर्फ संपला की हवं तेवढं अहो करा."

"बरं," वहिनी म्हणाली. मग जरा थांबून, चाचरत, "ऊठ."

ताई उठली. कपडे झाडता झाडता तिला आठवेना, की या घरात वहिनीनं कुणाला काही करायला सांगितल्याचं आपण यापूर्वी कधी ऐकलं होतं.

पुढे त्यांनी जागा बदलल्या. डोळा ताईचा तीक्ष्ण, म्हणून ती पुढे. खांदा वहिनीचा, म्हणून ती मागे. ताई ओरडायची, "बस!" की मागे वहिनी बसलीच. विचार करून नव्हे. शब्द कानात शिरायच्या आत टाचा बर्फात. सुटीच्या दिवशी, कामावर जायच्या आधी, बर्फ नसेल तेव्हा गवतावर. आणि एक चमत्कार असा झाला, की ताई हिच्याशी भांडेना. भांडायला दोन माणसं लागतात हे एक. आणि दुसरं असं, की भांडावं असं काही वहिनी करतच नव्हती. पडली तर उठायची. चुकली तर "परत," एवढंच म्हणायची. बर्फाची भिंत तिला पहिल्यांदा दाखवली तेव्हा ती खाली उभी राहून बराच वेळ नुसती बघत राहिली. मग हातातल्या दोन कुऱ्हाडी आळीपाळीनं रोवत, बुटांचे काटे अलगद टेकवत अशी काही वर गेली, की पालीनंही शिकवणी लावावी. ताई खाली तोंड उघडं टाकून उभी. असं चढणारं माणूस तिनं पथकातही पाहिलं नव्हतं. तिला कौतुक वाटलं, आणि त्या कौतुकाच्या खाली कुठेतरी बारीकशी कळ आली. खोटं कशाला सांगा, आलीच.

जोड्यांची स्पर्धा त्यांनी जिंकली. नुसती जिंकली नाही, दुसऱ्या जोड्यांची दाणादाण उडवली. ओल्या लाकडांच्या ढिगापाशी पोचून इतर लोक काड्यांवर काड्या ओढत होते, तेव्हा वहिनीनं एकेक ओंडका नुसता हातात तोलून बाजूला टाकला आणि दोन ठेवले. ते दोन पेटले. दाढीनं दाढी खाजवली. त्याच्या बाबतीत ही म्हणजे टाळीच.

मग शेवटचा दिवस उजाडला. सकाळी ताई बूट घालत होती तेव्हा आईनं वहिनीला आत बोलावलं, "जरा इकडे ये गं." ताई पाणी प्यायला गेली तर दोघी गप्प झाल्या. आई उगाचच ओटा पुसायला लागली. ओटा लख्ख होता. ताईला ते दिसलं, पण तिचा जीव डोंगरावर होता. तिनं लक्ष दिलं नाही.

शर्यत अशी: जो तो आपली स्लेज आणि आपलं पोतं घेऊन झाडीतून वर. मग बर्फाची भिंत. वर पोचलं की दोरानं स्लेज ओढून घ्यायची. मग पठार, मग उतरण, आणि उतरणीच्या खाली झेंडा.

चढावर ताई पुढे निघाली. तिची छाती भात्यासारखी चालत होती, पण पाय हलके होते. भिंतीपाशी आली, चढायला लागली. निम्म्यावर तिनं मान वळवून पाहिलं. वहिनी खाली उभी होती आणि बुटाचा पट्टा आवळत होती. ताई आणखी चार हात वर गेली. परत पाहिलं. वहिनी दुसऱ्या बुटाचा पट्टा आवळत होती.

लाँड्रीत बोचकी बांधणारी बाई! तिनं बांधलेली गाठ कात्रीनं कापावी लागते. तिला पट्टा आवळायला एवढा वेळ? ताईला लख्ख ओटा आठवला. पुसणारी आई आठवली. डोक्यात असा काही जाळ झाला, की भिंत वितळायची.

"ए!" ती तिथूनच ओरडली. "आईनं सांगितलं ना तुला? मागे राहा म्हणून?"

वहिनीनं पट्टा सोडून वर पाहिलं. मग, "हो."

"आणि तू ऐकलंस?"

"त्यांचं ऐकलं नाही असं कधी झालंय का?"

ताई दोन कुऱ्हाडींना लोंबकळत होती. खाली दाढी आणि पथकाची माणसं वर बघत होती. या क्षणी गप्प बसून चढत राहिली असती तर जागा तिचीच होती. आयुष्यभर हवी असलेली. हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं, आणि तेच तर सोसवत नव्हतं.

"हे बघ," ती ओरडली, "मला जागा हवी आहे, खिरापत नको! वर्षभर तुला घेऊन घसरले, धडपडले, ते काय तू माझी पालखी वाहावीस म्हणून? खेळायचं तर खेळ, नाहीतर जा घरी आणि चादरी धू!"

मग वहिनी म्हणाली, "मी खेळले तर तू हरशील."

इतकं साधं म्हणाली ती, की त्यात ना टेंभा होता ना टोमणा. भाजीत मीठ कमी आहे, असं सांगावं तसं.

"आली मोठी हरवणारी! ये की वर, बघते."

वहिनीनं हातमोजे वर ओढले आणि निघाली. आणि काय निघाली म्हणता! ताईच्या बाजूनं ती अशी वर गेली, की बर्फाचे कण ताईच्या तोंडावर उडाले. एक कुऱ्हाड, एक पाय, एक कुऱ्हाड, एक पाय. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही, जणू तिथे जिना होता आणि तो फक्त तिलाच दिसत होता. ताईचा राग तिथल्या तिथे विरला. आपण शर्यतीत आहोत हे ती क्षणभर विसरलीच. अरे, ही आपल्या घरात राहते! रोज आपल्या समोर बसून जेवते! मग तिला आठवलं, आणि ती जीव खाऊन वर चढायला लागली.

पठारावर तिनं अंतर कमी केलं. ओढण्यात वहिनी भारी, पण बर्फ कुठे टणक आणि कुठे भुसभुशीत हे ताईच्या डोळ्याला आधी दिसायचं. उतरणीच्या तोंडाशी दोघी जवळजवळ बरोबरीनं आल्या. वहिनी एका स्लेजच्या लांबीनं पुढे.

उतरण सरळ होती, फक्त एका जागी अचानक तुटल्यासारखी होती. त्या जागेला सगळे उंबरठा म्हणत. एक वाकडं झाड यायचं आणि झाडामागे लगेच उंबरठा. तिथे बसून गाडी धरायची, अशीच रीत. पण वहिनीच्या चालीवरून ताईला कळलं, की ती बसणार नाहीय. ती खांद्यावर दोर घेऊन उभ्यानंच गाडी झेलणार होती. पथकातल्या कुणीही असं केलं नव्हतं. वहिनीला ते जमलं असतं. तिनं मनात आणलं होतं आणि तिचा खांदा तेवढा होता.

वाकडं झाड आलं. वर्षभर त्या झाडापाशी ताईच्या तोंडून जे निघत होतं, तेच निघालं. मुद्दाम नाही हो, अजिबात मुद्दाम नाही. ठेच लागली की "आई गं" निघतं तसं.

"बस!"

आणि वहिनी बसली.

टाचा रोवून, दोर कवटाळून, धप्पकन. तिच्या शेजारून ताई निघाली, उंबरठ्यावर जेमतेम टेकून उठली आणि सुसाट पुढे गेली. खालून आरडाओरडा झाला. लोकांना वाटलं वहिनी घसरली. काय झालं ते साऱ्या डोंगरावर दोघींनाच कळलं होतं. झेंडा समोर दिसत होता. आता मध्ये कुणी नव्हतं.

ताईनं मागे पाहिलं. वहिनी तिथेच बसलेली, डोळे विस्फारून, आपल्याच पायांकडे बघत. यांना कुणी सांगितलं बसायला, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर.

ताई बसली. इतक्या जोरात बसली, की माकडहाड ठणकलं. तिची स्लेज हिसका देऊन थांबली.

"अगं बसलीस काय?" ती ओरडली. "ऊठ! ऊठ म्हणते ना!"

वहिनी उठली. खाली आली. ताईच्या शेजारी येऊन थबकली.

"थांबू नकोस. तू पुढे होतीस. हो पुढे. एक गाडीभर. अजून. हां. आता पळ, आणि मी काही सोडणार नाहीय तुला, सांगून ठेवते!"

सोडलं नाहीच. खालच्या सपाटीवर ताई अशी पळाली, की तशी ती उभ्या जन्मात पळाली नव्हती. घशात रक्ताची चव आली. वहिनीची पाठ हातभर अंतरावर होती, दोर तिच्या खांद्यात रुतला होता, आणि ती पाठ काही केल्या जवळ येईना. झेंडा वहिनीनं आधी ओलांडला. मागोमाग ताई आली ती पालथीच पडली.

पथकाची लाकडी खोली होती झेंड्यापाशी. आत शेगडी, भिंतीला टांगलेले दोर, खिडकीत ओल्या मोज्यांची रांग. आई आणि दादा आधीच येऊन बाकावर बसले होते. आईचं तोंड मिटलेलं. खोलीत पाऊल ठेवल्याबरोबर वहिनी परत वहिनी झाली; भिंतीला चिकटून, हात पुढे बांधून.

दाढीनं तिच्यापुढे गरम पाण्याचा पेला ठेवला. "जागा तुमची," तो म्हणाला. "हाक कधीही येते. सणवार, आजारपण, काही बघत नाही. घरी विचारून सांगायचं असेल तर उद्या सांगा."

सगळे वहिनीकडे बघायला लागले. ती काय म्हणणार हे दादाला माहीत होतं, आईला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर ताईलाही माहीत होतं. ती नको म्हणणार. ताईंना द्या म्हणणार. आणि आपण तिला परत झापणार. ताईनं झापायची तयारीसुद्धा केली होती.

"विचारायचं नाही," वहिनी म्हणाली. "मला हवी आहे."

आईनं चमकून दादाकडे पाहिलं.

"पहिल्या दिवसापासून हवी होती," ती म्हणाली. हे ती दाढीला सांगत नव्हती. ताईकडे बघून सांगत होती. "लाँड्रीच्या खिडकीतून हा डोंगर दिसतो. मी रोज बघायचे."

वहिनीची कुठली टाच आधी रुतते, तिचा श्वास कुठल्या वळणावर चढतो, थंडीत तिचं कुठलं बोट बधिर होतं, सगळं ताईला पाठ होतं. हे तेवढं माहीत नव्हतं.

"मग बोलायचं नाही का, वहिनी?" ताई म्हणाली. "वर्षभर!"

"तुम्हाला हवी होती ना," वहिनी म्हणाली. "एका घरात एकीलाच हवं असू शकतं, असं वाटायचं मला. आणि मला कुणी विचारलं नव्हतं."

नव्हतंच विचारलं. दादानं नाही, आईनं नाही, ताईनं तर नाहीच नाही. वहिनी सोबतीला येते, असंच सगळ्यांनी धरलं होतं. ताईला रडू आलं, आणि ती कुणापासून लपवत न बसता रडली. जागा गेली म्हणूनही रडली. ती गेलीच होती, कायमची, आणि त्याचं दुःख काही कुणी वाटून घेणार नव्हतं. पण समोर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्या बाईचा तिला इतका अभिमान वाटत होता, की दोन्हींतलं कुठलं रडू कुठलं, ते तिचं तिलाच कळेना.

आई बाकावरून म्हणाली, "अगं पण घरचं? अवेळी हाक आली, ही निघून गेली, मग घरचं कोण बघणार?"

"आई," ताई नाक पुसत म्हणाली, "तुझ्या मुलाला दोन हात आहेत. मी स्वतः मोजलेत."

दादानं आपले हात खिशात घातले, आणि मग सगळे बघतायत म्हणून परत बाहेर काढले.

दाढी खाकरला. "एक राहिलं. रात्री हाक येते ती फोनवर. पथकातल्या माणसाची झोप गाढ असते, दमलेलं असतं. घरात फोन उचलणारं कुणीतरी लागतं. पहिल्या घंटीला उठणारं. कुणाचा नंबर देता?"

वहिनीनं दादाकडे पाहिलं. दादा तोफा डागल्या तरी उठायचा नाही, हे घरादाराला ठाऊक होतं. तिनं सासूकडे पाहिलं. मग ती खाली बघायला लागली. जिला विचारायचं तिला विचारायची तिची छाती होईना.

"माझा घ्या," ताई म्हणाली. "मी उचलीन."